वडिलांचं वर्तमानपत्र, मुलाची निष्ठा

ऑगस्ट १९५३. मिशिगन राज्यातल्या डेक्स्टर नावाच्या छोट्या गावात अमेरिकी विमानदलाचे दोन अधिकारी मायलो रॅडुलोविचच्या दारात आले आणि त्याच्या हातात एक पत्र ठेवून गेले. मायलो २६ वर्षांचा होता. घरी बायको नॅन्सी आणि दोन लहान मुलं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला तो सैन्यात भरती झाला होता, तिथे हवामानशास्त्र शिकला होता आणि ग्रीनलंडमधल्या थूलेच्या गोपनीय तळावर काम करून आला होता. नोकरीतून मोकळा झाल्यावर तो मिशिगन विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकायला लागला. विमानदलाच्या राखीव अधिकाऱ्यांच्या यादीत मात्र त्याचं नाव लेफ्टनंट म्हणून कायम होतं.

विमानदलाला आता हे नाव काढून टाकायचं होतं. मायलोच्या स्वतःच्या निष्ठेबद्दल शंका नाही, हे त्यांनी मान्य केलं होतं. त्याच्यावर कुठल्या सभेला गेल्याचा, कुठल्या पत्रकावर सही केल्याचा आरोप नव्हता. त्याचे आपल्या वडिलांशी आणि बहिणीशी जवळचे आणि चालू संबंध आहेत, एवढंच कारण दिलं होतं.

वडील जॉन रॅडुलोविच तरुणपणी बाल्कनमधून अमेरिकेत आलेले. कोळशाच्या खाणीत आणि मग डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांत त्यांचं आयुष्य गेलं. इंग्रजी कामापुरतं. घरी सर्बियन भाषेतली वर्तमानपत्रं यायची आणि त्यातलं एक सरकारच्या लेखी कम्युनिस्टधार्जिणं होतं. त्या वर्तमानपत्राबरोबर नाताळचं छान कॅलेंडर मिळतं म्हणून ते घेतो, असं म्हाताऱ्याने सांगितलं. आपल्याकडे दिवाळी अंकासाठी वर्गणी भरणारी माणसं आहेत, त्यामुळे हे उत्तर आपल्याला तरी विचित्र वाटायला नको. बहीण मार्गारेट डाव्या चळवळींशी संबंध ठेवून आहे, असा दुसरा मुद्दा होता. माझी मतं ही माझी खासगी बाब आहे, यापलीकडे ती काही बोलायला तयार नव्हती.

मायलोपुढे दोन वाटा होत्या. मुकाट्याने राजीनामा द्यायचा किंवा सुनावणी मागायची. त्याने सुनावणी मागितली. अनेक वकिलांनी हात वर केले. शेवटी चार्ल्स लॉकवुड आणि तरुण केनेथ सॅनबोर्न उभे राहिले. सप्टेंबरमध्ये सेल्फ्रिज हवाई तळावर तीन कर्नलांपुढे सुनावणी झाली. विमानदलाच्या बाजूने एकही साक्षीदार आला नाही. टेबलावर एक बंद पाकीट होतं. आरोपांचा पुरावा त्या पाकिटात आहे असं सांगण्यात आलं. पाकीट उघडलं गेलं नाही, त्यात कोणी काय सांगितलंय हे वकिलांना कळलं नाही आणि सांगणारा माणूस कोण तेही कळलं नाही. तीन दशकांच्या वकिलीत अशी थट्टा आपण पाहिलेली नाही, असं लॉकवुडने बाहेर येऊन सांगितलं. मंडळाने निकाल दिला: मायलो सुरक्षेला धोका आहे.

या पाकिटापर्यंत अमेरिका कशी पोचली, ते थोडं मागे जाऊन पाहायला हवं. मार्च १९४७मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी केंद्र सरकारच्या सगळ्या नोकरांची निष्ठा तपासण्याचा हुकूम काढला. आधी कसोटी अशी होती की, अमुक माणूस देशाशी बेइमान आहे असं मानायला सबळ कारण हवं. १९५१मध्ये ती बदलली आणि वाजवी शंका पुरेशी ठरली. एप्रिल १९५३मध्ये आयसेनहॉवर यांच्या १०४५० क्रमांकाच्या आदेशाने सगळा भार नोकरदारावर टाकला. आपल्याला नोकरीत ठेवणं राष्ट्रीय सुरक्षेशी स्पष्टपणे सुसंगत आहे, हे आता ज्याचं त्यानेच दाखवायचं. सहा वर्षांत प्रश्न उलटा झाला. पूर्वी सरकारला सांगावं लागे की तू काय केलंस. आता माणसाला सांगावं लागे की मी काही करणार नाही. पुढे काय होणार नाही याचा पुरावा कोण देऊ शकतो? आणि तो मागितला गेला की चौकशी साहजिकच माणसाला सोडून त्याच्या आसपासच्यांकडे वळते. आई कुठली, बाप काय वाचतो, बहीण कोणाबरोबर फिरते.

याच देशाने दहाच वर्षांपूर्वी आधी हेच आणि मग याच्या नेमकं उलट करून पाहिलं होतं, आणि मला या सगळ्या इतिहासातला तो भाग सर्वांत बोलका वाटतो. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर, फेब्रुवारी १९४२च्या आदेशाने पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत टाकलं. त्यातले बहुतेक जण जन्माने अमेरिकी नागरिक होते. अनेकांकडे दोन नागरिकत्वं होती, तीही स्वतः न मागता. कारण १९२४पर्यंतच्या जपानी कायद्यानुसार जपानी बापाचं मूल जगात कुठेही जन्मलं तरी जपानीच. १९४३मध्ये छावणीतल्या प्रौढांना प्रश्नावली भरायला लावली. तिच्यातल्या २८व्या प्रश्नात अमेरिकेशी निष्ठेची शपथ घे आणि जपानच्या सम्राटाशी असलेली निष्ठा सोड, असं विचारलं होतं. पहिल्या पिढीच्या आईबापांना अमेरिकी कायदा नागरिकत्व देतच नव्हता. त्यांनी होय म्हटलं असतं तर ते कुठलेच राहिले नसते. त्यांच्यासाठी प्रश्नाचे शब्द मागाहून बदलावे लागले.

अशाच एका छावणीत, ॲरिझोनातल्या गिला रिव्हरमध्ये, हॅरी फुकुहारा होता. जन्म सिॲटलचा, १९२०चा. बाप वारल्यावर आई मुलांना घेऊन हिरोशिमाला परतली; हॅरी तिथे काही वर्षं राहिला आणि १९३८मध्ये एकटा अमेरिकेत परत आला. म्हणजे युद्ध पेटलं तेव्हा त्याची आई आणि तीन भाऊ शत्रूच्या देशात होते. आजच्या कुठल्याही नियमाच्या फूटपट्टीने मोजलं तर इतका नापास माणूस शोधून सापडणार नाही. पण लष्कराला जपानी वाचणारे, बोलणारे लोक हवे होते. छावणीतूनच त्याला मिनेसोटातल्या लष्करी भाषाशाळेत नेलं. न्यू गिनी आणि फिलिपिन्समध्ये त्याने पकडलेल्या जपानी सैनिकांची चौकशी केली, हाती आलेली कागदपत्रं वाचली. या शाळेतून सुमारे ६,००० दुभाषे तयार झाले. युद्ध संपल्यावर हॅरी हिरोशिमाला गेला, तेव्हा आई जिवंत सापडली. मोठा भाऊ अणुबॉम्बच्या किरणोत्साराने पुढे वारला. हॅरी अमेरिकी लष्करी गुप्तवार्ता विभागात राहिला आणि कर्नल म्हणून निवृत्त झाला. आई शत्रूच्या गावात आहे हे ठाऊक असूनही त्याच्या हाती गुपितं दिली, कारण तो स्वतः कसा आहे हे बघितलं गेलं. लष्कराने हे औदार्य म्हणून केलं नाही, गरजेपोटी केलं. तरी केलं.

१९५३मध्ये गरजेची जागा भीतीने घेतली होती, आणि डेक्स्टरच्या मायलोची गोष्ट कदाचित एका स्थानिक बातमीतच संपली असती. पण डेट्रॉइटच्या वर्तमानपत्रात आलेली ती बातमी सीबीएस वाहिनीचे पत्रकार एडवर्ड मरो यांच्या नजरेला पडली. मरो आणि निर्माते फ्रेड फ्रेंडली यांनी जो वर्शबा या वार्ताहराला मिशिगनला पाठवलं. त्याने मायलोला, बहिणीला, म्हाताऱ्या बापाला कॅमेऱ्यासमोर बसवलं. गावातल्या लोकांना विचारलं. माजी सैनिकांच्या संघटनेतला माणूसही मायलोच्या बाजूने बोलला. मायलो संथपणे बोलत होता. नातलगांवरून माझी पारख होणार असेल तर उद्या माझ्या मुलांनाही माझ्याविरुद्ध बोलायला सांगणार का, असं त्याने विचारलं. विमानदलाला अपेक्षित असलेलं उत्तर सोपं होतं, बापाशी संबंध तोडतो. ते त्याने कधी दिलं नाही. जॉन रॅडुलोविच यांनी अध्यक्षांना लिहिलेलं पत्र आपल्या जड उच्चारात वाचून दाखवलं. स्वतःसाठी काही मागत नाही, मुलाला न्याय द्या, असा त्याचा आशय होता.

प्रसारणाच्या आधी विमानदलाचा एक जनरल आणि एक लेफ्टनंट कर्नल सीबीएसच्या कार्यालयात येऊन गेले. वाहिनीने कार्यक्रमाची जाहिरात द्यायचं नाकारलं, तेव्हा मरो आणि फ्रेंडली यांनी खिशातले १,५०० डॉलर भरून न्यूयॉर्क टाइम्समध्ये जाहिरात दिली. तिच्यावर सीबीएसचं चिन्ह नव्हतं. २० ऑक्टोबर १९५३ला अर्ध्या तासाचा कार्यक्रम दाखवला गेला. पाच आठवड्यांनी, २४ नोव्हेंबरला, विमानदलाचे सचिव हॅरल्ड टॅलबट यांनी याच कार्यक्रमात मायलोला कायम ठेवल्याचं जाहीर केलं. तो पुढे सरकारी हवामान खात्यात नोकरीला लागला. कम्युनिस्टांच्या शोधमोहिमेचा चेहरा झालेल्या सिनेटर मॅकार्थीवरचा मरो यांचा गाजलेला कार्यक्रम त्यानंतर, मार्च १९५४मध्ये झाला. मला मात्र आधीचा मोठा वाटतो. मॅकार्थीविरुद्ध बोलताना समोर ओळखीचा खलनायक होता. इथे समोर एक नियम होता, आणि नियमाविरुद्ध लोकांना उभं करणं फार कठीण.

सगळ्यांच्या नशिबी मरो नव्हता. कॅलिफोर्नियाच्या कॅलटेकमधले च्यन श्वेसन हे अमेरिकेच्या क्षेपणास्त्र संशोधनाच्या पायाशी असलेले शास्त्रज्ञ. १९४५मध्ये कर्नलचा हुद्दा देऊन त्यांना जर्मनीला पाठवलं होतं. हिटलरच्या रॉकेट-शास्त्रज्ञांची विचारपूस करणाऱ्या पथकात ते होते. १९४९मध्ये त्यांनी नागरिकत्वासाठी अर्ज केला. जून १९५०मध्ये, १९३०च्या दशकातल्या पॅसाडेनातल्या डाव्या मित्रमंडळींवरून, त्यांची सुरक्षा मंजुरी, म्हणजे गोपनीय माहिती हाताळण्याची परवानगी, काढून घेतली. म्हातारे वडील चीनमध्ये होते. काम तर गेलंच, मग वडिलांना भेटायला मायदेशी जावं असं त्यांनी ठरवलं, तर त्या इराद्यावरच संशय आला. सामान जप्त, दोन आठवडे स्थानबद्धता, मग पाच वर्षं देशाबाहेर जायला मनाई. सप्टेंबर १९५५मध्ये त्यांना बोटीने जाऊ दिलं. चीनच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमाची उभारणी पुढे त्यांच्या हातून झाली. जो माणूस नागरिक व्हायला निघाला होता, त्याला परका ठरवून अमेरिकेने स्वतःच्या हाताने पलीकडे पोचवलं.

कायद्याच्या बाजूने पहिला ठोस बदल झाला तो विल्यम ग्रीन यांच्या खटल्यात. मेरीलँडमधल्या एका संरक्षण कंपनीचे ते सरव्यवस्थापक. १९५३मध्ये त्यांची मंजुरी गेली आणि त्यात घटस्फोट झालेल्या पहिल्या बायकोच्या ओळखीपाळखींचा मोठा वाटा होता. गोपनीय कामाशिवाय कंपनीत त्यांना जागा नव्हती. राजीनामा देऊन ते एका वास्तुविशारद संस्थेत नकाशे काढायला लागले. साक्षीदार कोण, ते काय म्हणाले, हे ग्रीन यांना कधीच सांगितलं नव्हतं. जून १९५९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, साक्षीदाराला समोर न आणता माणसाचा रोजगार काढून घेण्याचा असा अधिकार संसदेने किंवा अध्यक्षांनी कुणाला स्पष्टपणे दिलेलाच नाही. त्यानंतर फेब्रुवारी १९६०मध्ये आयसेनहॉवर यांनी खासगी कंपन्यांतल्या कामगारांना लेखी कारणं, सुनावणी आणि उलटतपासणीची सोय देणारा आदेश काढला. बंद पाकिटाचा जमाना एका दिवसात संपला नाही, पण पाकीट उघडा असं म्हणायला कागदोपत्री आधार मिळाला.

त्यानंतरच्या दशकांत प्रश्नाचं स्वरूपही हळूहळू बदललं. बाप कम्युनिस्ट आहे म्हणजे मुलगा कम्युनिस्ट असणार, हे १९५३चं तर्कशास्त्र. नंतर विचारलं जाऊ लागलं की परदेशातल्या आईबापांना धरून कोणी या माणसाला दाबू शकेल का. पहिल्या प्रश्नात नातं हाच डाग आहे. दुसऱ्यात नातं ही माणसाची दुखरी जागा आहे, आणि तिच्यावर बोट ठेवणारा दुसराच कोणी आहे. दुसरा प्रश्न मला न्याय्य वाटतो. एखाद्या हुकूमशाही राजवटीत ज्याची आई राहते, त्याला धमकीचा फोन येऊ शकतो, हे खोटं नाही. सरकारने हे विचारलंच पाहिजे. पण विचारताना हेही लक्षात ठेवलं पाहिजे की अमेरिकेची सर्वांत मोठी नुकसानी ज्यांनी केली, त्यांना परदेशी आई नव्हती. नौदलाचा जॉन वॉकर वॉशिंग्टनमध्ये जन्मलेला. सतरा-अठरा वर्षं सोव्हिएत संघाला सांकेतिक लिपीच्या किल्ल्या विकत राहिला, आणि भाऊ, मुलगा, एक मित्र यांनाही त्यात ओढलं. १९८५मध्ये पकडला गेला. एफबीआयचा रॉबर्ट हॅन्सन शिकागोच्या पोलिसाचा मुलगा. २००१मध्ये पकडला गेला. दोघांनीही पैसे घेतले होते.

दुहेरी नागरिकत्वाचा धागा वेगळा आहे. पोलंडमध्ये जन्मून अमेरिकी झालेल्या बेयस ॲफ्रॉइम या चित्रकाराने १९५१मध्ये इस्रायलच्या निवडणुकीत मत दिलं, म्हणून अमेरिकेने त्याचं नागरिकत्व काढून घेतलं. १९६७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते परत दिलं. माणूस स्वतः सोडत नाही तोवर त्याचं नागरिकत्व संसद हिरावून घेऊ शकत नाही, असा निकाल झाला. तेव्हापासून दोन पासपोर्ट बाळगणारे अमेरिकी वाढत गेले. संरक्षण खात्याला ते रुचलं नाही. ऑगस्ट २०००मध्ये खात्याने एक परिपत्रक काढलं: परदेशी पासपोर्ट जमा करा नाही तर मंजुरी विसरा. मग आजोबांच्या देशाचा पासपोर्ट हौसेने जवळ ठेवणाऱ्यालाही तो सोडावा लागे. ८ जून २०१७पासून लागू झालेल्या नव्या नियमावलीने ही अट काढली. दुसरं नागरिकत्व असणं हा आता स्वतःहून दोष नाही. ते लपवणं किंवा अमेरिकेत येता-जाता अमेरिकी पासपोर्ट न वापरणं, हे दोष आहेत.

आपल्या माणसांचा संबंध इथे येतो, आणि तो थोडा उलटा आहे. भारतीय राज्यघटनेचं नववं कलम आणि १९५५चा नागरिकत्व कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाहीत. अमेरिकी शपथ घेतली की भारतीय नागरिकत्व संपतं आणि पासपोर्ट परत करावा लागतो. परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड आजन्म ये-जा करायला पुरतं, पण त्यावर मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. सुरक्षा मंजुरी फक्त अमेरिकी नागरिकालाच मिळते. त्यामुळे ठाण्याहून किंवा नाशिकहून गेलेल्या, शपथ घेऊन नागरिक झालेल्या इंजिनिअरला दोन पासपोर्टांची अडचण सहसा येत नाही. त्याच्यापुढे उभा राहतो तो दुसरा प्रश्न, घरच्यांचा.

मंजुरीसाठी अर्ज करताना एसएफ-८६ नावाचा शंभरावर पानांचा फॉर्म समोर येतो. त्याच्या १८व्या विभागात आई, वडील, भाऊ, बहीण, मुलं, सासू, सासरे या प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, पत्ता, नागरिकत्व. परदेशी नागरिक असलेल्या नातेवाइकाशी बोलणं कशाने होतं, फोनवर की समक्ष. किती वेळा होतं: रोज, आठवड्याला, महिन्याला. तो कुठे नोकरी करतो. सरकारशी, लष्कराशी, संरक्षण उद्योगाशी त्याचा संबंध आहे का. पुण्याच्या माणसाने हे वाचलं की त्याची पेन्सिल थबकते. सासरे खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त, मावसभाऊ पाषाणच्या संरक्षण संशोधन संस्थेत, वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत. आपल्याकडे सरकारी नोकरी ही घरोघरची गोष्ट. या फॉर्मच्या नजरेत ती परकीय सरकारची नोकरी आहे. मावसभाऊ १८व्या विभागात बसत नाही, पण त्याच्याशी जिव्हाळ्याचा, नियमित संबंध असेल तर पुढच्या विभागात त्याचं नाव द्यावं लागतं. मग मालमत्ता. कोथरूडचा फ्लॅट वडिलांबरोबर जोडनावावर, बँकेतली मुदत ठेव, आणि गावच्या सातबाऱ्यावर सात चुलतभावांच्या नावांत आपलंही एक नाव, ज्यातून कधी दाणा घरी आलेला नाही. ते सुद्धा लिहायचं.

इथे माणसाला मोह होतो. आईशी रोज बोलतो त्याऐवजी महिन्यातून एकदा लिहिलं तर? सातबारा कोण बघायला येतंय? नेमकी हीच गोष्ट करू नये. परदेशी नाती हा समजावून सांगता येणारा मुद्दा आहे. खोटं उत्तर हा वेगळा आणि जड मुद्दा, शिवाय गुन्हाही. आणि नियम आईशी बोलणं कमी करा असं म्हणतच नाही. तो तराजू मांडतो: इकडची नाती, तिकडचं सरकार कसं आहे, अमेरिकेशी त्याचे संबंध कसे, तिथे दहशतवाद किंवा आर्थिक हेरगिरीचा धोका किती, आणि दुसऱ्या पारड्यात अमेरिकेतलं घर, मुलांच्या शाळा, नोकरीची वर्षं, मित्र, कर्ज, मालमत्ता. कंपन्यांतल्या अर्जदाराला आधी नकार मिळाला तर तो संरक्षण खात्याच्या सुनावणी कार्यालयात न्यायाधीशापुढे जाऊ शकतो. तिथले निकाल नावं काढून प्रसिद्ध होतात, आणि त्यांत भारतातले आईवडील, त्यांची निवृत्तिवेतनं, भावांच्या नोकऱ्या एकेक करून तपासलेल्या दिसतात. काहींना मंजुरी मिळते, काहींना नाही. नकार आला तर कारण लेखी असतं आणि अपील मंडळाकडे जाता येतं. त्यापुढे न्यायालयाकडून फारशी आशा नाही. सुरक्षा मंजुरी हा कुणाचाही हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८मध्ये म्हणून ठेवलंय. म्हणून त्या सुनावणीला फाइल घेऊन, वकील घेऊन जावं, आणि आईचं नाव घेताना आवाज खाली आणू नये.